अकरा मिनिटांची वाट

अर्डिथ मोझरनं एकतीस वर्षं ब्रॅनॉक गावात पायी टपाल वाटलं, आणि निवृत्त होईपर्यंत गावाबद्दलचं तिचं मत पक्कं होऊन बसलं होतं. इथल्या लोकांना देवानं पाय दिले ते फक्त ब्रेक दाबायला. कोपऱ्यावरनं दूध आणायचं तरी गाडी. समोरच्या घरी वाढदिवसाला जायचं तरी गाडी. रस्त्यानं कुणी चालताना दिसलं की काच खाली करून विचारायचे, "गाडी बंद पडली का हो?" खांद्यावर टपालाची पिशवी दिसत असताना विचारायचे. असल्या गावात खुनाचा खटला उभा राहिला आणि त्याचं सगळं ओझं येऊन पडलं एका पायवाटेवर. आता बोला.

खून झाला होता मेरिडिथ ॲश्बीचा. ही बाई पूर्वी टीव्हीवर हवामान सांगायची, कटलर टेकडीवरच्या मोठ्या घरात राहायची आणि दिसायला देखणी होती, म्हणून साऱ्या अमेरिकेला तिच्या मरणाचा पुळका आला. रूपानं बेताची असती तर गावच्या पेपरात चार ओळींत आटोपलं असतं. कोर्टापुढच्या हिरवळीवर टीव्हीवाल्यांच्या चौदा गाड्या महिना-दीड महिना ठाण मांडून होत्या. समोरच्या डायनरवाल्यानं दोन अंडी आणि बेकनला 'खटला स्पेशल' नाव देऊन दर चढवला होता. मेलेल्या बाईच्या नावावर लोक नाश्ता करत होते आणि वर तिच्यासाठी हळहळत होते.

आरोपी होता डॅरेल प्रूइट. वय चोवीस, टायरच्या दुकानातून काढून टाकलेला, छपरावरून पडून एक पाय कायमचा अधू झालेला. त्यानं ॲश्बीबाईंच्या खिडक्यांना जाळ्या बसवून दिल्या होत्या, त्यामुळे खिडकीवर त्याच्या बोटांचे ठसे होते. लायसन्स जप्त झालेलं, गाडी नाही. खुनाच्या दिवशी दुपारी चार वाजून सात मिनिटांनी टेकडीखालच्या पेट्रोल पंपावरून सोड्याचा कॅन घेऊन लंगडत बाहेर पडताना तो कॅमेऱ्यात दिसला होता. चार अठराला मेरिडिथनं पोलिसांना फोन केला, "घरात कुणीतरी शिरलंय" एवढं म्हणाली, आणि फोन तुटला. मधे अकरा मिनिटं.

सरकारी वकील डग्लस रेनी यांनी कोर्टात भला मोठा पडदा लावून नकाशा दाखवला. पंपापासून जुन्या खडीच्या खाणीतून टेकडीवर जाणारी निळ्या ठिपक्यांची रेघ, आणि खाली संगणकानं लिहून दिलेलं: पायी, अकरा मिनिटं.

"रमतगमत चाललं तरी अकरा," रेनी म्हणाले. "लंगडा माणूससुद्धा पोचतो. मिनिटाला मिनिट जुळतंय, मंडळी."

ज्युरीच्या तेराव्या, राखीव खुर्चीत बसलेल्या अर्डिथनं जीभ आवरली. त्या निळ्या रेघेच्या जागी गेली आठ वर्षं तळं होतं.

खाणवाल्यांनी ती पायवाट उकरून सत्तर फूट खोल खड्डा केला होता. मग खाण बुडीत निघाली, खड्ड्यात पाणी भरलं आणि भोवती बारा फुटी जाळीचं कुंपण आलं, वर काटेरी तार, फाटकाला कुलूप. तेव्हापासून टेकडीवर चालत जायचं तर मिल रोडनं पुरा वळसा घालायचा. नोकरीची शेवटची चार वर्षं अर्डिथनं तो वळसा पाय ओढत घातला होता. बाकी सगळं गाव हायवेनं भुर्रकन वर जायचं, त्यांना खाण उघडी की बंद याच्याशी काय देणंघेणं?

तिला बोलता येत नव्हतं. ज्युरीतल्या माणसानं सगळं ऐकायचं, पण शब्द काढायचा नाही, शेजारच्याशी कुजबुजायचं नाही, पेपर वाचायचा नाही, स्वतः जाऊन काही बघायचं नाही. न्यायाधीश टॅलमन हे रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेसारखं म्हणून दाखवत. निवडीच्या वेळी दोन्ही वकिलांनी तिला विचारलं होतं की धर्म कोणता, कुत्रा पाळता का, टीव्हीवर काय बघता. पोस्टात होते म्हटल्यावर दोघं खूश. सांगितलेलं निमूट ऐकणारी बाई, असं त्यांना वाटलं असणार. कुठल्या भागात टपाल वाटायचात, हे विचारायचं त्या दोन दीडशहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात तिनं एकदा हात वर केला. एर्ल नावाचा, ज्युरीवर लक्ष ठेवणारा बेलिफ, ज्याच्या पोटावरचं बटण कायम तुटलेलं असायचं, लगबगीनं आला.

"बाथरूम का?"

"नाही. मला एक विचारायचंय."

"विचारायचं नाही, अर्डिथ. ही काय शाळा आहे?"

"शाळेत निदान मास्तरला धडा माहीत असतो," ती म्हणाली, आणि हात खाली घेतला.

तिची सगळी आशा होती आरोपीच्या वकिलावर. प्रेस्कॉट व्हेलन. मोठ्या शहरातून आलेले, चांदीसारखे केस, रोज नवा टाय. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. हा गृहस्थ नऊ दिवस बोटांच्या ठशांवरच बोलत राहिला. चार तज्ज्ञ आणले, ते एकमेकांशीच भांडले. प्रत्येकजण हात वर करून शपथ घ्यायचा आणि मग 'तुम्ही त्याला कसं बघता त्यावर आहे' अशी सुरुवात करायचा. शेजारीण म्हणाली, तिनं कुणाला तरी पाहिलं. मग म्हणाली, पाहिल्यासारखं वाटलं. पोलीस शिपाई म्हणाला, तो 'साधारणपणे' खरं सांगतोय. अर्डिथच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शपथ घेतली ना? मग हो म्हणा नाही तर नाही म्हणा. शब्दांची सालं काय काढत बसता?

पाचव्या आठवड्यात ज्युरीला जागा दाखवायला नेलं. बसमधून. पंपापासून टेकडीपर्यंत हायवेनं तीन मिनिटांत. खिडक्यांचे पडदे ओढलेले, कारण टीव्हीवाले मागे लागले होते. अशी ती जागेची पाहणी. चौदाव्या खुर्चीतले गॉर्डन शूपे, जे गाद्यांचं दुकान चालवत आणि कोर्टातही आपला माल सोबत आणल्यासारखे झोपत, ते बसमध्येही घोरले.

घरी नवरा मर्ल रोज टीव्हीवर खटला बघायचा आणि ती आली की घाईघाईनं बंद करायचा. पोटात मावत नसायचं त्याच्या.

"अर्डिथ, एवढंच सांगतो, आज टीव्हीवरचा तो टकल्या म्हणत होता..."

"मर्ल, तू एक शब्द बोललास तर रात्रीचं जेवण त्या टकल्याकडे कर."

सहा आठवडे झाले. दोन्ही वकिलांची भाषणं झाली. अकरा मिनिटांचा विषय व्हेलननी एका वाक्यात उरकला: "नकाशा काहीही म्हणो, माझा अशील तिथं गेलाच नाही." झालं. मग शुक्रवारी न्यायाधीशांनी बारा जणांना आत पाठवलं आणि तेरा-चौदा नंबरच्या राखीव ज्युररांना, म्हणजे अर्डिथला आणि शूपेंना, आभार मानून घरी सोडलं. कागदावर सोनेरी शिक्का मारलेलं प्रशस्तिपत्रही दिलं.

"निकाल लागेपर्यंत शपथेचे नियम तुम्हाला लागू आहेत," टॅलमन म्हणाले. "बारांपैकी कुणी गळालं तर तुम्हाला परत बोलावू."

गेल्या वीस वर्षांत कुणाला बोलावल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. शूपे त्या वेळी शर्टाला अडकलेला ज्युरीचा बिल्ला काढत होते, आणि अर्डिथ प्रशस्तिपत्राकडे बघत होती. सहा आठवडे खुर्ची उबवली, आणि आता डॅरेल प्रूइट जन्मभर तुरुंगात सडायचा की नाही हे ठरवणार कोण, तर ज्यांना खाण कुठंय हेही ठाऊक नाही असले बारा उंटावरचे शहाणे.

पुढच्या दोन रात्री तिला झोप नाही. मनात एक किडा वळवळत होता. आपण चार वर्षं तिकडे फिरकलेलो नाही. मधे कुणी फाटक उघडलं असेल तर? नवी वाट काढली असेल तर? आपणच त्या शेजारणीसारखं 'वाटलं' म्हणून बसलोय का? रविवारी सकाळी चर्चहून परत आल्यावर तिनं जुने पोस्टाचे बूट काढले, मर्लचं मासेमारीचं घड्याळ मनगटावर बांधलं आणि पंपावर जाऊन उभी राहिली. बोलायला बंदी होती, ती कुणाशी बोलणार नव्हती. आपल्याच जुन्या रस्त्यानं बाईनं चालावं यात काय आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि घड्याळाचं बटण दाबलं.

पाच मिनिटांत फाटक आलं. कुलूप तेच, गंजून तांबडं झालेलं. जाळीपलीकडे हिरवं पाणी. ती वळली आणि मिल रोडला लागली. ॲश्बींच्या फाटकाशी पोचली तेव्हा घड्याळात चौतीस मिनिटं झाली होती, आणि तिचे दोन्ही पाय धड होते.

मंगळवारी सकाळी फोन आला. ज्युरर नंबर सातच्या पित्ताशयात खडा सापडला होता, त्याला रात्रीच कापायला घेतलं होतं. शुक्रवार आणि सोमवार, आत दोन दिवसांत निकाल झालेला नव्हता. अर्डिथनं दहापर्यंत कोर्टात यावं, तिची चौकशी होईल, आणि ठीक असेल तर ती सातव्याच्या जागी बसेल. मग कायद्याप्रमाणे बारांनी पहिल्यापासून पुन्हा विचार करायचा.

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली. मर्लनं कॉफी पुढे केली.

"जजसाहेब विचारतील," ती म्हणाली. "बाहेर असताना स्वतः काही तपास केला का म्हणून."

"मग नाही म्हण."

"मी गेले होते, मर्ल."

"फिरायला गेली होतीस. तू तर सगळ्या गावात एकटीच फिरतेस. त्यात तपास कसला?"

"घड्याळ लावून?"

मर्लनं कप टेबलावर ठेवला. "हे बघ, तू आत गेलीस तर तो पोरगा सुटेल. तू अडून बसलीस तर तुझ्यापुढे कुणाची टाप नाही, मी चाळीस वर्षं बघतोय. एक 'नाही' म्हणायचं. तुला कुणी बघितलंय?"

"म्हणजे मी त्या शेजारणीच्या आणि त्या शिपायाच्या पंगतीला जाऊन बसू? सहा आठवडे मी त्यांच्या नावानं बोटं मोडली, आणि माझी पाळी आली की मीही 'तुम्ही त्याला कसं बघता' करू?" ती उठली. "मी खरं सांगणार. गेले, मोजलं, वाट बंद आहे. एवढं ऐकल्यावर एक तरी शहाणा उठून बघायला जाईलच की. अख्खं कोर्ट काही आंधळं नाही."

"तुझं नाक ना, अर्डिथ," मर्ल म्हणाला, "नेहमी छताला लागलेलं."

कोर्टात ज्युरी आत बंद होती. डॅरेल आपल्या जागी, अंगावर आईनं आणलेला मोठ्या मापाचा कोट. दोन्ही वकील हजर. अर्डिथ उभी राहिली, शपथेचा हात वर केला.

"मिसेस मोझर," टॅलमन म्हणाले, "घरी सोडल्यापासून या खटल्याबद्दल कुणाशी बोललात?"

"नाही." मर्लशी आज सकाळीच बोलली होती हे लगेच तिच्या ध्यानात आलं, आणि तिनं दुरुस्त केलं. "आज नवऱ्याशी. फक्त या फोनबद्दल आणि हे सांगायचं की नाही त्याबद्दल."

"काय सांगायचं?"

"मी रविवारी पंपापासून ॲश्बींच्या घरापर्यंत चालत गेले. घड्याळ लावून. आणि जजसाहेब, ती वाट..."

"थांबा." टॅलमन यांचा हात वर झाला. "काय दिसलं ते सांगू नका."

"पण तेच तर सांगायचंय."

"तुम्ही बघायला नको होतं, मिसेस मोझर. ज्युररनं फक्त कोर्टात मांडलेलंच माहीत असलेलं बरं. तुम्ही आता ज्युरर नाही, साक्षीदारही नाही. त्यामुळे तुम्हाला काय माहीत आहे ते मला ऐकता येत नाही."

"मग ते ऐकणार कोण?"

रेनी खालच्या मानेनं कागद चाळत होते. व्हेलन टाय सारखा करत होते. डॅरेलनं मात्र मान वर केली होती आणि तो तिच्याकडे बघत होता, दार उघडतंय की बंद होतंय ते न कळल्यासारखा.

"एक सांगतो," टॅलमन मायेनं म्हणाले. "तुम्ही नाही म्हणाला असतात तर आम्हाला कळलंही नसतं. असा प्रामाणिकपणा या कोर्टात मी फार थोडा पाहिलाय. कोर्ट तुमचं आभारी आहे. तुम्ही जाऊ शकता."

पुढे गॉर्डन शूपेंना बोलावलं. बाहेर असताना काही वाचलं? नाही. कुणाशी बोललात? नाही. काही बघायला गेलात? "जजसाहेब, मी चार दिवस झोपलो होतो," शूपे म्हणाले, आणि हे त्यांनी सहा आठवड्यांत उच्चारलेलं सगळ्यात खरं वाक्य असावं. त्यांना आत घेतलं. अर्डिथला एर्लनं हाताला धरून दाराबाहेर आणलं.

"छान बोललीस हो," तो म्हणाला.

"तोंड बंद ठेव, एर्ल. बटण लाव आधी."

बारा जणांनी पहिल्यापासून पुन्हा विचार केला, आणि तो एक तास चाळीस मिनिटांत संपला. दोषी. जन्मठेप, सुटकेची आशा नाही. गावानं टाळ्या वाजवल्या, टीव्हीवाल्यांनी दिवे लावले. चोर कुठं होता देव जाणे, संन्याशाला मात्र सुळी मिळाली.

निकाल लागला, म्हणजे अर्डिथच्या तोंडावरची बंदी उठली. ती व्हरांड्यात व्हेलनना गाठून उभी राहिली आणि तळं, कुंपण, कुलूप, चौतीस मिनिटं असं सगळं एका दमात सांगितलं. व्हेलनच्या मागे डॅरेलची आई उभी होती, लोरेटा प्रूइट, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी ठेंगणी बाई. हातात मुलाचा कोट होता. तुरुंगात नेताना पोलिसांनी तो काढून तिला परत दिला होता.

"मी ते अंतर पाहिलं होतं," व्हेलन म्हणाले. "गाडीनं."

"गाडीनं," अर्डिथ म्हणाली.

"मॅडम, आपली भिस्त ठशांवर होती. चालण्याचा घोळ घालून ज्युरीचा गोंधळ कशाला करायचा?"

"डॅरेलनं तुम्हाला सांगितलं होतं," लोरेटा मागून म्हणाली. "तिथं कुंपण आहे म्हणून. दोनदा सांगितलं होतं."

व्हेलन वळले नाहीत. "आणि आता उपयोग नाही. नवा पुरावा म्हणून खटला पुन्हा उघडायचा तर तो आधी कुणाला सापडूच शकत नव्हता असं दाखवावं लागतं. कुंपण तर आठ वर्षं उभंय. कुणीही बघू शकलं असतं."

"मग बघितलं का नाही तुम्ही?"

"हाच प्रश्न अपिलात दुसरा वकील विचारेल. माझ्यावर ठपका ठेवेल. पाच वर्षं, सात वर्षं, सांगता येत नाही." त्यांनी घड्याळ पाहिलं आणि दिव्यांच्या दिशेनं गेले.

दोघी बायका व्हरांड्यात उरल्या. अर्डिथला वाटलं ही आता रडेल, नाही तर थोबाडीत मारेल. लोरेटानं कोटाची घडी घातली.

"मला ती वाट दाखवाल का?" ती म्हणाली.

तीन वाजून गेले होते. दोघी पंपापर्यंत गेल्या आणि तिथून चालायला लागल्या. अर्डिथनं मनगटावर अजून असलेल्या मर्लच्या घड्याळाचं बटण आपसूक दाबलं आणि मग तिची तिलाच लाज वाटली. एका गाडीवाल्यानं काच खाली केली आणि विचारलं, "गाडी बंद पडली का?" दोघी चालत राहिल्या.

फाटकाशी आल्यावर लोरेटानं कुलूप हातात घेऊन पाहिलं. गंज तिच्या बोटांना लागला. मग जाळीत बोटं अडकवून ती पाण्याकडे बघत राहिली.

"तुम्हाला हे माहीत होतं."

"हो."

"आणि जजनं विचारल्यावर तुम्ही सांगितलंत, की मी मोजून आले."

"शपथ घेतली होती मी," अर्डिथ म्हणाली.

"त्या साक्षीच्या खुर्चीत सहा आठवडे सगळे शपथ घेऊनच बसत होते. माझ्या पोराला आत घालायला सगळ्यांना खोटं बोलता आलं. त्याला बाहेर काढायला तुम्हाला एक शब्द बोलता आला नाही." तिचा आवाज चढला नव्हता, आणि ते अर्डिथला जास्त लागलं. "तुम्हाला त्यांच्यासारखं व्हायचं नव्हतं. होय ना?"

सहा आठवडे अर्डिथजवळ प्रत्येकासाठी उत्तर होतं, वकिलांसाठी, तज्ज्ञांसाठी, एर्लसाठी, मर्लसाठी. आता तिनं पुढे होऊन ते कुलूप उगाच ओढून पाहिलं. एवढी सगळी नावं ठेवली, आणि त्या यादीत आपलं नाव घालायचं राहिलंच होतं, हे तिला त्या कुलपासमोर उभं राहून कळलं.

लोरेटानं कोट छातीशी धरला. "किती मिनिटं झाली?"

अर्डिथनं मनगट वर केलं. "अकरा."

"अजून आपण इथंच आहोत," लोरेटा म्हणाली. मग ती मिल रोडकडे वळली, आणि अर्डिथ तिच्या मागून चालू लागली.